धाकूची जीप आणि तांडेलांची खूण

माजिवड्याच्या बाजारात धाकू तांडेल शिरला की मासळी घेऊन बसलेल्या आपल्याच बायका टोपलीवर ओलं फडकं टाकायच्या. गिऱ्हाईक म्हणून तो वाईट नव्हता. पण माशाचे कल्ले उघडल्याशिवाय, डोळा दाबल्याशिवाय आणि शेपटीकडून वास घेतल्याशिवाय त्याचा हात खिशाकडे जायचा नाही. एकदा तर त्याने सख्ख्या मावशीलाच विचारलं, "ही बोय आजची का कालची?"

"मेल्या, सख्ख्या मावशीला इचारतंस?"

"मावशी हाय म्हणून इचारतंय. परकीला इचारून काय उपयोग होता?"

असा तो माणूस. पण त्याच्यासारखा हात ठाण्याच्या अख्ख्या खाडीत दुसऱ्या कोणाला नव्हता. आणि हे त्याचा थोरला भाऊ दामाजी सांगतोय, जो उगाच कोणाचं कौतुक करत नाही. दामाजीची शाळा सातवीत सुटली, धाकूची त्याच्याही आधी. त्याने काही अडलं नाही. तांडेलांची होडी पाण्यात उतरली की बाकीचे आपली होडी बाजूला घ्यायचे, असं ते घर होतं.

त्या घराची एक खूण होती. एक तिरपा काप आणि त्याला छेदून जाणारे दोन आडवे. जाळ्याच्या तरंगत्या लाकडांवर, वल्ह्यांवर, खाडीत ठोकलेल्या खुंटांवर, सगळीकडे ती छिन्नीने मारलेली असायची. भरतीत जाळं सुटून कळव्याला जाऊन लागलं तरी तिथला माणूस खूण बघायचा आणि म्हणायचा, हे माजिवड्याच्या तांडेलांचं, ह्याला हात लावू नका. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, सरकारी नंबर असायचा, त्याला अगदी चिकटून ही खूण. नंबर सरकारचा आणि होडी आपली, म्हणून नंबर असेल तिथे खूण पाहिजेच, असं त्यांचा बा सांगून गेलेला.

पुढे खाडीत कंपन्यांचं पाणी आलं, मासा गेला. दामाजी ठाण्यात एका कंपनीच्या गेटवर लागला. त्याने सोडल्याशिवाय मॅनेजरची गाडीही आत जायची नाही. धाकू डोंबिवलीला रंगाच्या कंपनीत फिटरचा हेल्पर झाला आणि थोड्याच दिवसांत फिटर त्याला विचारून पाने फिरवायला लागला. होडी अंगणात पालथी पडली. धाकूची बायको मनुबाई तिच्यावर गोधड्या वाळत घालायची. धाकूला ते बघवायचं नाही. पण होडी विकून टाक म्हटलं की तो माणसाच्या अंगावर यायचा.

पंच्याऐंशी साली तो कंपनीच्या कामाला शहाडला गेला, लोखंडी पाइप बघायला. तिथे काळुराम भंगारवाल्याच्या आवारात चिंचेखाली एक जीप उभी होती. उभी कसली, बसलेलीच. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या टायमाला कल्याणच्या बाजूला मिलिटरीची छावणी होती, तेव्हाची. डाव्या बाजूला स्टेअरिंग, पुढच्या जाळीला उभ्या फटी, पत्र्यावर बोट ठेवलं तर बोट आत जाईल असा गंज. धाकू जेवण विसरून तिच्याभोवती फिरत बसला.

"हिच्याखाली काय लपवलंस?" त्याने काळुरामला विचारलं.

"कुत्री व्यायलीय. गाडी घेतलीस तर पिल्लं फुकट."

"इंजिन हिचंच हाय का दुसरं टाकलंय?"

"अरे बाबा, इंजिन बाहेर काढायला माणसं लागतात. माझ्याकडे माणसं असती तर मी भंगार विकलं असतं का?"

धाकू घरी आला. आठवडाभराने त्याने होडी विकली, बाळकुमच्या एका माणसाला. ज्या घरातली होडी आजपर्यंत कोणी विकत मागायची हिंमत केली नव्हती, ती आमच्या धाकूने आपल्या हाताने ढकलत रस्त्यापर्यंत नेली. म्हातारी जनाबाई ओट्यावर बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "हिच्या बदल्यात काय आणतंस तां पाण्यात चालंल का?"

"रस्त्यावर चालंल, आये."

"चालली नाय तं मना तोंड दावू नको."

आता कळलं ना, धाकूचं काय पणाला लागलं होतं ते? ती जीप चालली नसती तर बापाची होडी त्याने भंगाराला दिली असा अर्थ झाला असता. आणि तो अर्थ माजिवड्यात प्रत्येकाने तोंडावर सांगितला असता.

टेम्पोच्या मागे दोर बांधून जीप शहाडहून भिवंडीमार्गे आणली. स्टेअरिंगला दामाजी बसला होता. ब्रेक नसलेली गाडी कशेळीच्या पुलावरून आणणं येरागबाळ्याचं काम नव्हतं. माजिवडा नाक्यावर लोक उभे राहून बघत होते. कोणी म्हणे पोलिसांनी पकडलेली गाडी आहे, कोणी म्हणे सिनेमावाल्यांची. होडी होती त्याच जागी जीप लागली. मनुबाईने गोधडी घेऊन येऊन विचारलं, "हिच्यावर वाळत घालू का नको?"

धाकू कामाला लागला. गाडीचं काम त्याने कधी शिकलेलं नव्हतं, पण होडीचं येत होतं. सडलेली फळी कशी काढायची, शेजारची न हलवता नवी कशी बसवायची, हे ज्याला कळतं त्याला पत्र्याचं काय कठीण? त्याने तळाचा पत्रा कापून काढला, डोंबिवलीहून नवा आणला, हातोडीने बाक दिला. सांगाडा घासून झाल्यावर त्याला त्याने मुशी माशाचं तेल लावलं, होडीच्या लाकडाला लावतात तेच. अख्खी आळी नाकाला पदर लावून फिरायची आणि मांजरं जीपखालून हलायची नाहीत. पण त्या सांगाड्याला परत गंज धरला नाही, तो आजपर्यंत. आहे कोणाची हिंमत तर येऊन बघा.

इंजिनाचं मात्र त्याला पुरतं कळत नव्हतं. त्यासाठी शहाडलाच त्र्यंबक मिस्त्री होता. स्टेशनच्या बाजूला त्याचं पत्र्याचं गॅरेज. ह्या जातीच्या जुन्या जीपचं काम कल्याण पट्ट्यात करणारा तो एकटाच उरला होता, बाकीचे बघूनच हात जोडायचे. धाकूने कार्बोरेटर काढला, फडक्यात गुंडाळला आणि साफ करायला त्याच्याकडे दिला.

परत आला तो चकचकीत. धाकूने तो उजेडात धरला, उलटा केला, नखाने खरवडला.

"हा माझा नाय."

त्र्यंबकला वाटलं मस्करी करतोय. "मग कोणाचा? माझ्या सासऱ्याचा?"

"माझ्या कार्बोरेटरच्या ह्या कानाला टवका होता. ह्याला नाय."

"अरे, तो टवका नव्हता, मळ होता. घासला, गेला."

"मळ एवढा खोल नसतो. मूळचा तू ठेवलास, मुंबईच्या कुठल्यातरी शौकीन माणसाला विकायला. मना दुसरा टेकवलास."

गॅरेजमध्ये तेव्हा गिऱ्हाइकं होती, दोन रिक्षावाले होते, समोरचा चहावाला ग्लास घेऊन आला होता. सगळ्यांच्या समोर धाकू त्याला चोर बोलला. त्र्यंबक त्या बाजूला इमानी म्हणून ओळखला जाणारा माणूस. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "पैसे देऊ नकोस. घेऊन जा. आणि परत ह्या पायरीवर येऊ नकोस."

पण त्याच्याशिवाय दुसरा कोण होता? वर्ष गेलं, इंजिन तसंच पडून राहिलं. शेवटी दामाजी स्वतः शहाडला गेला. दामाजीच्या तोंडात साखर आहे, गेटवर उभं राहून माणसं कळतात. त्र्यंबक म्हणाला, "तुमच्याकडे बघून काम करतो. पण त्याला सांगा, माझ्याशी बोलायचं नाही." तसं ठरलं. एकदा टेम्पोतून अख्खं इंजिन नेलं, बाकीचे पार्ट धाकू न्यायचा, ठेवायचा, काही न बोलता परत यायचा. त्र्यंबक पण काम झालं की पार्ट फळीवर ठेवून पाठ फिरवायचा.

बोलायचं नाही हे धाकूला सोयीचंच पडलं. कारण आता त्याने दुसराच बंदोबस्त केलेला. प्रत्येक पार्ट गॅरेजला जायच्या आधी तो अंगणात मांडायचा आणि त्याच्यावर छिन्नीने खूण मारायचा, एक तिरपा काप आणि दोन आडवे. डायनॅमोवर मारली, पाण्याच्या पंपावर मारली, गिअरबॉक्सच्या झाकणावर आतून आणि बाहेरून मारली. चाकांच्या ड्रमवर मारली. सीटच्या सांगाड्यावर मारली, जॅकवर पण मारली. मनुबाईने एक दिवस हात पुढे केला.

"काय?"

"मना पण मारा. सोमवारी माहेरी चाललंय. बदलून दुसरी पाठवली तर?"

म्हातारी हसता हसता ठसकली. धाकू हसला नाही. मनुबाई जाईल तिथून तीच परत येणार ह्याची त्याला बऱ्यापैकी खात्री होती, एवढं मात्र तो बोलला.

आणि गंमत बघा, खुणा मारायला लागल्यापासून एकही पार्ट बदलून आला नाही. दुसरा असता तर म्हणाला असता, माझा संशय खोटा होता. धाकू म्हणाला, "बघितलंस दादूस? खूण बघून घाबरला."

"अरे, पहिल्यापासूनच त्याने काही केलं नसंल तर?"

"मग कानाचा टवका कुठं गेला?"

दामाजीलाही आपण टवका बघितल्यासारखं वाटत होतं. पण मळ आणि टवका ह्यातला फरक त्याने तेव्हा कुठे बोट घालून बघितलेला.

रंगाच्या वेळेला परत तेच. त्र्यंबकने दामाजीकडून निरोप पाठवला की मिलिटरीचा हिरवा मारू नका, खाजगी गाडीला चालत नाही, पासिंगला अडकेल. धाकूला वाटलं ह्यात पण काहीतरी डाव आहे. त्याने डोंबिवलीत विचारलं, कल्याणला विचारलं, एका हवालदाराला चहा पाजून विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. मग त्याने होडीचा निळा मारला, वरच्या कडेला पांढरा पट्टा. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात हँडल मारून जीप चालू केली तेव्हा तिचा आवाज अख्ख्या माजिवड्याने ऐकला. म्हातारीने ओट्यावरून उठून बॉनेटला हळद-कुंकू लावलं. पण तोंडाने काही बोलली नाही. रस्त्यावर चाललेली बघितल्याशिवाय ती बोलणार नव्हती.

रस्त्यावर चालायची तर सरकारी नंबर पाहिजे. मिलिटरीचे लिलावाचे जुने कागद काळुरामने दिलेले, ते व्यवस्थित होते. पासिंगच्या आदल्या दिवशी धाकूने गाडी धुतली, पुसली आणि छिन्नी घेऊन बॉनेट उघडलं. इंजिनावर नंबर होता, पुढे सांगाड्याच्या पट्टीवर होता. दोन्ही ठिकाणी नंबराला अगदी चिकटून त्याने खूण मारली, खोल आणि ताजी. एवढे दिवस पार्टवर मारल्या त्या चोराच्या भीतीने. ही मानाची होती. होडीच्या नाळेवर असायची, तशीच. दामाजी बाजूलाच उभा होता, त्याला पण त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट तोच म्हणाला, "जरा मोठी मार. लांबून दिसली पाहिजे."

आरटीओतल्या साहेबाने नंबरावर कागद ठेवला आणि पेन्सिल घासली. कागदावर नंबर उमटला आणि त्याच्या अंगाला लागून तीन काप. साहेबाने कागद डोळ्याजवळ नेला. मग वाकून इंजिन बघितलं. मग पुढे जाऊन सांगाडा बघितला.

"नंबराजवळ छिन्नी कोणी चालवली?"

"मीच, साहेब," धाकू अभिमानाने म्हणाला.

"कधी?"

"काल."

साहेब सरळ उभा राहिला. "नंबर घासून नवा मारायचा आणि खाडाखोड झाकायला वरून रेघा ओढायच्या, असलं पुष्कळ बघितलंय मी. गाडी कोणाची आहे?"

"माझी!"

"ते बघू. गाडी इथेच राहील."

आयुष्यभर धाकूने लोकांकडे ज्या नजरेने बघितलं, त्याच नजरेने आज त्याच्याकडे कोणीतरी बघत होतं. दामाजी पुढे झाला. बाची खूण सांगितली, होडी सांगितली, खाडी सांगितली. साहेब ऐकून घेणारा होता. तो म्हणाला, "तुम्ही त्याचे भाऊ, तुम्ही तेच बोलणार. इंजिन ज्याने उघडून जोडलं, नंबर ज्याने आधीपासून बघितलाय, असा बाहेरचा माणूस आणा. नाहीतर मला पोलिसांत कळवावं लागेल."

काळुराम आवार विकून गावी गेलेला, जुन्नरकडे कुठेतरी. उरला एकच माणूस.

घरी जाताना धाकू चालत होता ते रस्त्याच्या कडेने, मान खाली. नाक्यावरच्या कोणीतरी विचारलंच, "काय रे धाकू, चोरीची निघाली म्हणे?" म्हातारी ओट्यावर होती. तिने दोघांना पायी येताना बघितलं आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ शहाडला गेले. त्र्यंबक एका टेम्पोखाली झोपून काम करत होता. त्याचे पायच तेवढे दिसत होते. बोलणं दामाजी करणार होता, पण धाकूने त्याला मागे सारलं आणि त्या पायांकडे बघून सगळं सांगितलं.

टेम्पोखालून आवाज आला, "मी चोर ना?"

धाकू एक पाऊल पुढे सरकला.

"चोराची साक्ष घेऊन साहेबासमोर जाणार? साहेब विचारेल, ह्या माणसाचा भरवसा काय? तेव्हा काय सांगशील?"

"सांगंन काहीतरी."

"काहीतरी नाही. आत्ता सांग. मी कार्बोरेटर बदलला का नाही बदलला?"

दामाजीने धाकूच्या कोपराला चिमटा काढला. एक शब्द बोलायचा होता. दुसरा कोणीही बोलला असता, आपली गाडी सोडवून घेतली असती. पण तांडेलांच्या घरात मनात नसलेलं तोंडात येत नाही. धाकू म्हणाला, "मना ठाव नाय."

त्र्यंबक टेम्पोखालून बाहेर आला. तोंड तेलाने काळं झालेलं. धाकूकडे बघत त्याने हात पुसले, एक एक बोट. "तीन वर्षांपूर्वी तुला ठाव होतं. आज ठाव नाही, एवढं तरी झालं," असं म्हणून त्याने शर्ट चढवला.

आरटीओच्या आवारात जीप भिंतीला लावलेली होती. त्र्यंबकने साहेबाला नमस्कार केला. सांगत काही बसला नाही, हत्यारांची पिशवीच उघडली.

"साहेब, हा डायनॅमो बघा." खूण. "पंप बघा." खूण. त्याने गिअरबॉक्सवरचं झाकण खोललं, उलटं करून धरलं. खूण. चाक काढून ड्रम दाखवला, सीट उचलून सांगाडा दाखवला. साहेबाचा एक माणूस गाडीच्या मागून जॅक घेऊन आला, त्याच्यावर पण. आरटीओतले दोन-तीन कारकून खिडकीत येऊन उभे राहिले.

"एवढ्या खुणा कशाला?" साहेबाने विचारलं.

त्र्यंबक म्हणाला, "माझ्यामुळे. मी पार्ट चोरीन असं ह्याला वाटायचं. ह्याने मला एक वायसर बिनखुणेचा दिला नाही. असला माणूस नंबर खोडायचा नाही, साहेब, नंबराची पण राखण करील. इंजिन मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा हाच नंबर होता, माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

साहेबाच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. त्याने परत भिंग लावून नंबर बघितला, बोट फिरवलं. जुने आकडे जुनेच होते, कडा झिजलेल्या, फक्त खूण नवी. तो सरळ झाला, आणि मग सहज, कागद भरता भरता त्याने धाकूला विचारलं, "ह्या मिस्त्रीने केलेलं सगळं काम तुम्हाला मान्य आहे ना? गाडीतलं काही परस्पर बदललंय, अशी काही तक्रार?"

आवारात ऊन होतं. उघड्या बॉनेटमध्ये कार्बोरेटर चकाकत होता, सगळ्या इंजिनात तेवढाच एक बिनखुणेचा, कारण तो धाकूने आपला मानलाच नव्हता. धाकूने त्याच्याकडे बघितलं. त्र्यंबकने बघितलं नाही. तो खाली बसून चाकाचे नट आवळत होता, पण त्याचा हात थांबला होता.

दामाजीला आपल्या भावाचा स्वभाव माहीत होता. त्याने डोळे मिटून घेतले.

"नाय साहेब," धाकू म्हणाला. "सगळं मूळचंच हाय. तक्रार नाय."

साहेबाने सही केली. नट आवळायचा आवाज परत सुरू झाला.

संध्याकाळी जीप आवाराच्या बाहेर निघाली. धाकू डाव्या बाजूला स्टेअरिंगवर, शेजारी त्र्यंबक, मागे दामाजी. ठाण्यात लोक वळून वळून बघत होते आणि त्यात नवल काय, गाडीच तशी होती. स्टेशनला त्र्यंबक उतरायला लागला. एक पाय खाली, एक वर, तसाच थांबून तो म्हणाला, "धाकू, त्या कार्बोरेटरचं खरं काय ते आज सांगूनच टाकतो…"

"नको सांगूस," धाकूने त्याला मध्येच तोडलं.

"का? ऐकून तर घे."

"साहेबासमोर मी बोललो ना? आता तां तसंच. तू काय बी सांगितलंस तरी माझ्याच्यानं ते बदलायचं नाय, मग कशाला सांगतंस?"

त्र्यंबक हसला आणि बॉनेटवर थाप मारून फाटकातून आत गेला. धाकू तो दिसेनासा होईपर्यंत बघत होता. दामाजीला वाटलं, आता तरी ह्याचं मन साफ झालं असेल.

"दादूस," धाकू गिअर टाकत म्हणाला, "जरा मागं बघ. त्याची हत्यारांची पिशवी त्यानं नेली, का आपला पाना पण त्यात गेला?"